वजा एकशे शहात्तर

१

अण्णा राजाध्यक्षांच्या अंत्यदर्शनाला आलेली माणसं पांगली, बोरिवलीच्या स्मशानातली राख निवली, आणि त्यानंतर कळलं की त्यांना मारण्यात आलं होतं.

कळलं ते चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेतून. तिथे गार्गीने एका अहवालावर सही केली होती: लघवीच्या नमुन्यात लोराझेपाम सापडलं, भरपूर प्रमाणात. लोराझेपाम म्हणजे झोपेच्या गोळीतलं औषध. अण्णांना ते कुणी कधी लिहून दिलेलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या, छाती सतत भरून येणाऱ्या म्हाताऱ्याला एवढं औषध देणं म्हणजे श्वासाच्या दाराला बाहेरून कडी घालणं.

अहवाल डॉक्टरांकडे गेला, डॉक्टरांकडून पोलिसांकडे. पोलिसांनी भाविकाला धरलं. भाविका मनोरीच्या कोळ्यांची मुलगी. अण्णांची शुश्रूषा करायला ती त्या घरात राहत होती, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असे.

गार्गीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या टेबलावर माणसं येत नसत, क्रमांक येत. म्हणून प्रयोगशाळेच्या जिन्याच्या पायथ्याशी बसलेली, फुलाफुलांचं लुगडं नेसलेली बाई जेव्हा तिला पाहून उठली, तेव्हा ती बाजूने निघून जाणार होती.

"तू गार्गी काय गो?" बाईने विचारलं. "कागदावर तुजं नाव हाय. मी सगुणा. भाविका माजी पोर. ती आत हाय, तुज्या सहीनं."

गार्गीच्या हातातला डबा तसाच राहिला. सगुणाने मग, मार्वेच्या धक्क्यावर उतरल्यापासून मनात घोळवलेलं असावं अशा घाईने, सगळं सांगितलं.

"मावशी," गार्गी म्हणाली, "औषध सापडलंय. ते मी माझ्या मनाने नाही लिहिलं."

"मी कुठं म्हनते तू खोटं लिवलंस? पन माजी पोर पन खोटं नाय बोलत. ती दुपारी घरात नव्हतीच. वसुधाताईंनी तिला केमिस्टाकडे धाडली. परत आली तं अण्णा गेलेले. ताई उशाशी बसलेली, अण्णांच्या अंगात दुसरा सदरा. पोर म्हनते, आये, सदरा तं मी सकाळीच बदलला होता." सगुणाने पदराने तोंड पुसलं. "हिचा बा, हरेश्वर, समिंदरात गेला तवा ही रडली नाय. अण्णांसाठी रडली. अशी मारील काय?"

गार्गी वर निघाली. पण जिना चढताना तिला एक गोष्ट आठवली, आणि ती मधल्याच पायरीवर थांबली. त्या नमुन्यावर चाचणीआधी तिने स्वतःच्या हाताने एक संस्कार केला होता. त्या संस्काराने एक साक्षीदार मेला असण्याचा संभव होता.

२

मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन करतो. रेणूंवर विद्युतभार चढवायचा, त्यांना निर्वातातून धावायला लावायचं, वाटेत वायूवर आपटून फोडायचं, आणि फुटण्याआधीचं वजन नंतरच्या वजनाशी ताडून पाहायचं. पण यंत्राला स्वतःचं कुतूहल नसतं. प्रश्न माणसाने निवडायचा. एखाद्याचं नाव घेऊन विचारता येतं, तू आहेस का? एकालाच बाजूला काढून, फोडून विचारता येतं, तू नक्की तोच का? एखादा तुकडा पुढे करून विचारता येतं, हा तुमच्यापैकी कुणाकुणाचा? आणि एक प्रश्न असा, जो चारकोपच्या त्या खोलीत वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता: तुमच्यापैकी कोणकोण सारखंच काहीतरी गमावून बसलं आहे?

गार्गीने पहिला प्रश्न विचारला होता. यंत्राने 'हो' म्हटलं होतं. ते उत्तर खरंच होतं. दुःख असं की खऱ्या उत्तरानेही माणूस तुरुंगात जातो, जर प्रश्न अपुरा असेल.

कारण शरीर औषधाला आलं तसं बाहेर सोडत नाही. यकृत त्याच्यावर एक शिक्का मारतं, पाण्यात सहज विरघळणारा, साखरेच्या कुळातला एक तुकडा त्याला जोडतं, आणि मग मूत्रपिंड त्याला वाट देतं. लोराझेपाम तर जवळजवळ सगळंच्या सगळं असं शिक्का घेऊन उतरतं. शिक्क्याचं वजन ठरलेलं असतं: एकशे शहात्तर.

आणि रोजच्या कामाची पद्धत अशी की चाचणीआधी नमुन्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालून हे सगळे शिक्के उखडून टाकायचे, म्हणजे मूळ औषध मोकळं होतं आणि यंत्राला सहज सापडतं. सोयीसाठी केलेली गोष्ट. गार्गीने ती केली होती, जशी ती रोज करत असे. विकर घातल्यावर शिक्का असलेला रेणू आणि शिक्का नसलेला रेणू यांच्यातला भेद पुसला जातो. शरीरातून आलेलं औषध आणि बाटलीत थेट टाकलेलं औषध एकच चेहरा धारण करतात.

तिने अतिशीत कपाट उघडलं. विकर न घातलेला अस्सल नमुना एका लहान कुपीच्या तळाशी गोठलेला होता. अण्णांना लघवीसाठी नळी लावलेली होती; तिच्या पिशवीत मुळातच थोडी लघवी होती, आणि पहिल्या चाचणीने त्यातली बहुतेक खाल्ली होती.

कुपी उजेडाकडे धरल्यावर तिला दिसलं की एकदाच विचारता येईल.

३

"ते मला हवंय," मागून निलेश म्हणाला. निलेश प्रयोगशाळेचा प्रमुख, गार्गीच्याच वर्गातला. त्याच्या हातात पोलिसांचं पत्र होतं. "त्यांनी खात्री मागितलीय. औषध तेच आहे का, एवढंच. फोड त्याला, तुकडे जुळव, लिही, पाठव. विषय संपला."

"ते तेच आहे निलेश. त्यात मला शंकाच नाही. ते कुठून आलं हे कुणी विचारलंच नाही."

"कारण ते आपलं काम नाही यार."

"एका मुलीला माझ्या सहीवर आत टाकलंय."

निलेशने खुर्ची ओढली. "आणि तू काय करणार?"

"तूट शोधणार. जे जे रेणू फुटल्यावर बरोबर एकशे शहात्तरने हलके होतील, तेवढेच दाखव म्हणणार."

"दोन्ही एका फेरीत कर ना मग."

"इतक्या थेंबात? एका फेरीत यंत्राला दहा गोष्टी पाहायला लावल्या तर प्रत्येक गोष्ट पुसट दिसते. आणि मला जे पाहायचंय ते कदाचित 'काहीच नाही' असं असेल. पुसट दिसलेल्या 'नाही'ला कोण विचारतो?"

"आणि शिक्का सापडला तर?" निलेशचा आवाज खाली आला. "आत्ता निदान वकील म्हणू शकतो की अहवाल अपुरा आहे. तू शिक्का दाखवलास की ती मुलगी संपली. तूच संपवशील तिला, गार्गी."

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. खाली जिन्यापाशी सगुणा अजून बसलेली होती. खिडकीतून तिच्या डोक्यातली अबोली दिसत होती.

गार्गीने कुपी वितळू दिली.

या प्रयोगात जो तुकडा गळून पडतो तो विद्युतभाराविना पडतो, त्यामुळे यंत्राला तो दिसत नाही. दिसते ती फक्त उणीव. आधी इतका होता, आता इतका उरला. मध्ये काहीतरी गेलं. गार्गीला वाटलं, आयुष्यातलं बहुतेक सगळं आपण असंच ओळखतो, आणि मग तिने वाटणं थांबवून पडद्याकडे पाहिलं.

पहिलं शिखर उगवलं. पॅरासिटामॉल, शिक्क्यासह. बाटलीवरच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिलंच होतं की अण्णांना ताप होता आणि ते औषध चालू होतं. मग शरीराची स्वतःची काही संप्रेरकं, तीही शिक्क्यासह. अण्णांचं यकृत शेवटपर्यंत इमानाने शिक्के मारत बसलं होतं.

मग ती जागा आली जिथे लोराझेपामचा शिक्का दिसायला हवा होता.

रेघ सपाट गेली. काठावर काही नाही, मध्ये काही नाही. ओहोटीनंतरची ओली वाळू असावी तशी.

"म्हणजे?" निलेश पुटपुटला, जरी त्याला कळलं होतं.

"म्हणजे हे औषध अण्णांच्या शरीरातून आलेलंच नाही. ते पिशवीतल्या लघवीत नंतर कुणीतरी घातलं." गार्गी पडद्यावरून वळली. "अण्णांना कुणीच मारलं नाही, निलेश. ते आपले मेले. कुणाला तरी तो खून असायला हवा होता."

४

निलेश बराच वेळ शंका काढत राहिला. तो चांगला रसायनतज्ज्ञ होता, म्हणून त्याच्या शंकाही चांगल्या होत्या.

"कॅथेटरच्या पिशवीत जंतू वाढतात. जंतूही शिक्के उखडतात."

"मग त्यांनी पॅरासिटामॉलचा का नाही उखडला? निवडून लोराझेपामवरच उपवास सोडला का त्यांनी?"

"मरायच्या जरा आधीच दिलं असेल. शिक्का मारायला यकृताला वेळच मिळाला नसेल."

"मग लघवीत उतरायला कसा मिळाला? एवढ्या प्रमाणात?"

निलेशने पोलिसांच्या पत्राची घडी घातली. मग तो म्हणाला ते रसायनतज्ज्ञ म्हणून नव्हतं. "मी यावर सही नाही करणार. ही पद्धत आपल्या मान्यताप्राप्त यादीत नाही. एकच फेरी, नमुना संपला. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते आपल्या धंद्यात घडलेलंच नसतं. उद्या वकील विचारेल, मग पहिल्यांदा शिक्के का उखडलेत? लॅबला टाळं लागेल गं."

गार्गीने पोलीस चौकीत फोन केला. उपनिरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्याच लॅबचा सहीचा कागद माझ्यासमोर आहे. तो चुकीचा आहे का?"

"चुकीचा नाही. अपुरा आहे."

"मग पुरा पाठवा, सहीशिक्क्यासकट. तोंडी रसायनशास्त्र कोर्टात चालत नाही."

फोन ठेवल्यावर तिने नमुन्याची रिकामी बाटली काढून समोर ठेवली. झाकणावर लाखेचा ठसा, ठशावर डॉक्टरांची सही, पहिल्या दिवशी तिने फोडेपर्यंत तो अभंग होता. डॉक्टरांनी पिशवीतून नमुना स्वतः काढला आणि तिथेच मोहोरबंद केला, असं चिठ्ठीत लिहिलेलं. बाटली प्रयोगशाळेत आणून दिली होती अण्णांचा मुलगा मुकुल याने. पण डॉक्टरांची नोंद सांगत होती की तो मुलुंडहून आला तेव्हा बाटली बंद झालेली होती. मुकुल सुटला.

म्हणजे औषध पिशवीत पडलं ते डॉक्टर येण्याआधी. तेव्हा घरात दोनच माणसं होती. भाविका, जी हे करून स्वतःच्याच गळ्यात फास अडकवत होती.

आणि दुसरी, जिने प्रेताचा सदरा बदलला होता.

५

बोरिवलीच्या त्या घरात खाट अजून हललेली नव्हती. दार मुकुलने उघडलं.

"लॅबवाले घरी यायला लागले का आता?" तो म्हणाला. "सगळं पोलिसांना दिलंय आम्ही."

"एकच विचारायचं होतं. लघवी तपासायची कल्पना कुणाची?"

"ताईची. का?" त्याने आतल्या बाजूला पाहिलं. तिथे त्याची मोठी बहीण वसुधा खिडकीशी बसली होती. "मी तर फोनवरच म्हणालो, तुला शंका आहे ना, मग सरळ पोस्टमार्टेम करू. तर ही हट्टाला पेटली, अण्णांना फाडायचं नाही, लघवीत सगळं उतरतंच. सायन्सची टीचर होती ना शाळेत. आणि बरोबर निघाली की नाही? नाहीतर ती पोरगी सुटली असती."

"मुकुल," वसुधाताई म्हणाल्या, "खाली जाऊन दूध घेऊन ये."

"आत्ता? दूध आहे की घरात."

"मुकुल, जा रे."

तो गेला. दाराचा आवाज विरला. गार्गीने पुढची खुर्ची घेतली नाही. ती उभीच राहिली.

"शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं," ती म्हणाली. "मूत्रपिंड रक्त गाळतं, नको ते बाहेर टाकतं. त्याआधी यकृत त्या औषधाचं रूप बदलतं, हे आठवी-नववीला कुणी सांगत नाही. पिशवीत जे औषध होतं, ते बदललेलं नव्हतं, ताई. गोळी पाकिटात असते तशीच होती."

वसुधाताईंनी नाकारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भय नव्हतं. वर्गात शेवटी एका तरी मुलाला उत्तर आलं, असा तो थकवा होता.

"गोळ्या माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "झोप येत नाही मला."

"सदरा का बदललात?"

"चहा सांडला होता."

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

"अण्णांना पातळ काही गिळता यायचं नाही. पोटाऐवजी छातीत जायचं. भाविका सगळं पावडर घालून दाट करायची. पाणीसुद्धा. चहासुद्धा, चमच्याने खायचा चहा. ते रोज म्हणायचे, वसू, मला बशीतून फुर्रकन चहा पाजशील का गं एकदा? एकदाच. ती असती तर तिने पाजू दिला नसता. म्हणून मी तिला बाहेर पाठवलं." त्या हसल्या, किंवा ओठ तसे झाले. "दोन घोट छान गेले. असे काही खुलले ते. मग तिसरा."

"मग डॉक्टरांना सांगायचं होतंत. ते खून ठरलं नसतं."

"ठरलं असतं. इथे." त्यांनी छातीवर हात ठेवला नाही, डोक्याला बोट लावलं. "मला फक्त एवढंच हवं होतं की कशाने तरी मेले असं निघावं. गोळीने, कुणाच्या चुकीने, कशाच्याही. माझ्या हातातल्या बशीने नाही. भाविकाचं नाव मी घेतलं नाही हो. मुकुलने विचारलं, औषधं कोण देतं? त्या प्रश्नाचं उत्तर घरात एकच होतं. मग पोलीस आले. मग मागे घ्यायला जागाच उरली नाही."

वसुधाताईंनी उठून त्या खाटेवरची चादर सरळ केली.

"आता तुमच्याकडे पुरावा आहे," वसुधाताई म्हणाल्या.

गार्गीला खोटं बोलता आलं असतं. एक होकार, आणि भाविका संध्याकाळपर्यंत बाहेर. पण या सगळ्याची सुरुवातच तर एका बाईने हाती लागेल त्या उत्तराने एक भोक बुजवण्यापासून झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "नमुना संपला. जे मी पाहिलं त्यावर माझे वरिष्ठ सही करणार नाहीत, आणि पोलीस सहीशिवाय ऐकणार नाहीत. तुम्ही गप्प राहिलात तर मी काही करू शकत नाही. कुणीच काही करू शकत नाही."

दारात लॅचची किल्ली फिरली. मुकुल दूध घेऊन आला होता.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

वसुधाताईंनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

६

त्यानंतरचे दिवस गार्गी कामावर गेली, क्रमांक तपासले, विकर घातलं, शिक्के उखडले. सगुणा रोज जिन्यापाशी येऊन बसे. ती आता काही विचारत नसे. ते सर्वांत कठीण होतं. एकदा गार्गी खाली जाऊन तिच्या शेजारी बसली.

"मावशी, मला कळलंय कसं झालं ते. सिद्ध नाही करता येत."

"मंग कळून काय उपेग?" सगुणा म्हणाली. ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

वसुधाताई पोलीस चौकीत गेल्या ते गार्गीला उपनिरीक्षकांच्या फोनवरून समजलं. त्यांनी सगळं लिहून दिलं होतं: गोळ्या, पिशवी, चहा. त्यांच्यावर कोणतं कलम लावायचं यावर अजून खल चालू होता. मुकुल त्यांच्यासोबत आला नव्हता. त्या इतके दिवस का थांबल्या, आणि मग का गेल्या, हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं आणि त्यांना विचारण्याचा अधिकार कुणालाच उरला नव्हता.

भाविकाला सोडलं त्या दुपारी चौकीच्या आवारात तीनच माणसं होती. सगुणा फाटकापाशी. गार्गी तिच्या मागे दोन हात अंतर राखून. आणि भिंतीच्या सावलीत, जबाबावरच्या आणखी कसल्याशा सहीसाठी बोलावलेल्या वसुधाताई.

भाविका बाहेर आली. अंगाने किडकिडीत, केस घाईने बांधलेले. सगुणाने हात पसरले, पण मुलगी आईपाशी थांबली नाही. ती सरळ भिंतीकडे गेली. गार्गीला वाटलं, आता ती मारेल. आणि मारलं तर आपण अडवणार नाही.

"ताई," भाविकाने विचारलं, "त्रास झाला का हो त्यांना?"

हे कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मुलाने नाही, पोलिसांनी नाही, गार्गीनेही नाही.

वसुधाताईंचे ओठ हलले, आवाज नंतर आला. "हो. खूप. माझा हात धरला होता. सोडेनात."

भाविका तिथेच पायरीवर बसली.

"पाजताना मान पुढे घ्यायची असते," ती म्हणाली. "पाठीला उशी, आणि मान पुढे. मी दाखवलं होतं ना तुम्हाला." आणि कुणाला काही कळायच्या आत तिने दोन्ही हात उचलले, आणि समोरच्या रिकाम्या हवेत ती उशी नीट लावू लागली.